नवा कंपायलर बिल्ड सिस्टिममध्ये घालायचा आणि पुढे सांभाळायचा, तर काय काय करावं लागतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आमची सी++ लायब्ररी सीमेकने (बिल्डची आखणी करणाऱ्या साधनाने) बिल्ड होते, लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हीकडे चालते. आता एका चिप बनवणाऱ्या कंपनीने क्लँग या मुक्त कंपायलरवर बेतलेला स्वतःचा कंपायलर दिला आहे. सीमेक त्याला सरळ ‘क्लँग’ समजतं. काही फ्लॅग (कमांडसोबत दिलेल्या सूचना) चालतात, काही चालत नाहीत. याचा सपोर्ट सीमेकच्या मूळ प्रकल्पातच घालावा का? आणि घातला तर पुढे किती काम मागे लागतं?

घालायला हरकत नाही, पण एका अटीवर: तो कंपायलर रोज रात्री सीमेकच्या टेस्टवर चालवून निकाल पाठवणारं एक मशीन तुमच्याकडे कायम सुरू असलं पाहिजे. ते शक्य नसेल तर टूलचेन फाइल (कोणता कंपायलर, कोणतं टार्गेट हे सीमेकला सांगणारी फाइल) लिहा, आपल्याच रेपोत ठेवा आणि तेवढ्यावर थांबा. मी बरीच वर्षं हेच काम करतो आहे, आणि ज्या कंपायलरचं रात्रीचं मशीन बंद पडलं त्याचा सपोर्ट कोणाच्याही लक्षात न येता सडत गेलेला पाहिला आहे. ही अट एवढी महत्त्वाची का, हे समजायला आधी ‘सपोर्ट’ म्हणजे नेमकं काय ते पाहू. बहुतेकांना वाटतं की ती फ्लॅगांची यादी असते. यादी असतेच, पण खरं अवघड काम त्याच्या आधीचं आहे: समोर कोणता कंपायलर आहे हे ओळखणं.

सीमेक एक्झिक्युटेबलच्या नावावर विसंबत नाही, आणि ते बरोबरच आहे. मॅकवर जीसीसी (जीएनयू प्रकल्पाचा कंपायलर) असं टाइप केलं तरी ॲपलचा क्लँगच चालू होतो. म्हणून सीमेक एक छोटी सोर्स फाइल तयार करून कंपायलरकडे देतं. प्रत्येक कंपायलर स्वतःची खूण म्हणून काही मॅक्रो आधीच डिफाइन करून ठेवतो. त्या फाइलीत या मॅक्रोंची ‘इफ, एल्स-इफ’ अशी लांबलचक साखळी असते. जी अट पहिल्यांदा खरी ठरेल, तिच्यातलं नाव एका स्ट्रिंगमध्ये जातं. मग सीमेक तयार झालेली बायनरी उघडून तिच्यातून ती स्ट्रिंग शोधून काढतं. प्रोग्रॅम चालवत नाही. हे महत्त्वाचं, कारण क्रॉस-कंपाइल करताना बायनरी एआरएमची आणि मशीन एक्स८६चं असतं. चालवायची म्हटली तरी चालणार नाही.

ती फाइल एकदा शांतपणे वाचा, तिच्यातून बरंच शिकायला मिळतं. शोधायची स्ट्रिंग तिथे अखंड लिहिलेली नाही, तुकड्या-तुकड्यांत लिहिली आहे. नाहीतर शोध घेताना सोर्सचाच मजकूर सापडला असता. ती ॲरेमध्ये नाही, पॉइंटरमध्ये ठेवली आहे, कारण काही कंपायलर ॲरे भरण्यासाठी थेट मशीन इन्स्ट्रक्शन तयार करतात आणि मग बायनरीत सलग स्ट्रिंग उरतच नाही. शिवाय मेन फंक्शनमध्ये त्या स्ट्रिंगमधलं एक अक्षर मुद्दाम वापरलेलं आहे, म्हणजे लिंकर (तुकडे जोडून बायनरी बनवणारा प्रोग्रॅम) ‘हे कोणी वापरत नाही’ म्हणून तिला काढून टाकणार नाही. व्हर्जनचे आकडे तर एकेक अंक गणिताने काढून अक्षर म्हणून बसवले आहेत, कारण मॅक्रोची किंमत हा आकडा असतो आणि भागाकार-बाकी करून आलेला आकडा प्रीप्रोसेसरला स्ट्रिंगमध्ये बदलता येत नाही. यातली प्रत्येक गोष्ट कुठल्यातरी कंपायलरने कुणालातरी अडवल्यामुळे तिथे आली आहे. कंपायलर सपोर्टचा कोड असाच वाढत जातो. म्हणून ‘हे जुनं दिसतंय, साफ करू’ असं म्हणून त्याला हात लावू नका. लावायचाच असेल तर त्या ओळीचा गिटमधला इतिहास आधी वाचा.

आता साखळीचा क्रम. क्लँग स्वतःला जीएनयू कंपायलर म्हणवून घेतो: जीसीसीचा ओळख-मॅक्रो तो डिफाइन करतो आणि व्हर्जन विचारली तर कायम ४.२.१ सांगतो, तुमच्याकडे आजचा क्लँग असला तरी. इंटेलचा जुना कंपायलरही लिनक्सवर तेच करायचा. विंडोजवर क्लँग-सीएल (क्लँगचा विंडोज अवतार) हा एमएसव्हीसीचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरचा, मॅक्रो डिफाइन करतो, कारण विंडोजच्या हेडर फाइल त्यावाचून कंपाइलच होत नाहीत. म्हणून साखळीत विशिष्ट कंपायलर वर आणि सर्वसामान्य खाली असावे लागतात: इंटेल आधी, मग क्लँग, मग जीएनयू, एमएसव्हीसी त्याच्याही खाली. तुमचा चिपवाला कंपायलर क्लँगच्या वर बसवावा लागेल, आणि त्यासाठी त्याच्याकडे फक्त त्याचाच असा एखादा मॅक्रो असला पाहिजे. नसेल तर पहिलं पत्र कंपनीला पाठवा: असा मॅक्रो द्या, आणि एकदा दिल्यावर नाव बदलू नका. इंटेलने क्लँगवर आधारलेला नवा कंपायलर आणला तेव्हा सुरुवातीच्या आणि नंतरच्या व्हर्जनमधला मॅक्रो वेगळा झाला. सीमेकमध्ये त्याला ओळखण्याच्या अटीत आजही दोन्ही नावं सांभाळावी लागतात.

वेगळी ओळख द्यायची की ‘क्लँग’च राहू द्यायचं, हा निर्णय घाईने घेऊ नका. माझे निकष दोन आहेत. पहिला: व्हर्जन नंबर एलएलव्हीएमच्या (क्लँग ज्याचा भाग आहे त्या मूळ प्रकल्पाच्या) नंबरबरोबर चालतो का? ॲपलचा चालत नाही. त्यांच्या क्लँगचे नंबर एक्सकोड या ॲपलच्या डेव्हलपर साधनाबरोबर जातात, म्हणून ‘क्लँग अमुकपेक्षा नवा असेल तर हे फीचर आहे’ अशी अट ॲपलकडे चुकीचं उत्तर देते. सीमेक ३.० मध्ये ‘ॲपलक्लँग’ ही वेगळी ओळख आली ती यासाठीच. दुसरा निकष: काही न सांगता कंपाइल केलं तर वागणूक तीच राहते का? इंटेलचा नवा कंपायलर एलएलव्हीएमवरच उभा आहे, पण फ्लोटिंग पॉइंटच्या बाबतीत त्याचा डिफॉल्ट ‘फास्ट’ आहे, क्लँगचा तसा नाही. ज्या कोडमध्ये नॅनची (‘हा आकडाच नाही’ अशा खास किमतीची) तपासणी आहे, तो एकीकडे बरोबर चालतो आणि दुसरीकडे ती तपासणीच ऑप्टिमायझर काढून टाकू शकतो. सीमेक ३.२० मध्ये त्याला ‘इंटेलएलएलव्हीएम’ अशी स्वतंत्र ओळख मिळाली, हे योग्यच झालं.

दोन्ही निकषांत तुमचा कंपायलर क्लँगसारखाच निघाला आणि फरक फक्त टार्गेटचा असला, तर त्याला क्लँगच राहू द्या. सिस्टिमचं नाव जेनेरिक, टार्गेट ट्रिपल (कोणत्या प्रोसेसर-सिस्टिमसाठी बिल्ड करायचं ते सांगणारं नाव), सिसरूटचा (टार्गेटच्या हेडर-लायब्ररींच्या फोल्डरचा) पत्ता, एवढ्यावर टूलचेन फाइल भागते. चिपवर ऑपरेटिंग सिस्टिम नसेल आणि लिंकर स्क्रिप्टशिवाय काहीच लिंक होत नसेल, तर सीमेकच्या तपासणीलाच एक्झिक्युटेबलऐवजी स्टॅटिक लायब्ररी बनवायला सांगता येतं. ही सोय ३.६ पासून आहे. फक्त हे लक्षात ठेवा की मग ‘हे फंक्शन लायब्ररीत आहे का’ अशा तपासण्यांची उत्तरं भरवशाची राहत नाहीत, कारण लिंकिंग होतच नाही आणि प्रत्येक फंक्शन ‘आहे’ असंच उत्तर येतं.

वेगळी ओळख देण्याची किंमतही मोजायला हवी. जगभरच्या प्रकल्पांत ‘कंपायलर क्लँग असेल तर हे फ्लॅग’ अशा अटी पसरलेल्या आहेत. तुम्ही नाव बदललंत की ते सगळे प्रकल्प त्या अटीतून बाहेर पडतात, आणि त्यांना कुणी कळवलेलंही नसतं. यावर सीमेकचा उपाय म्हणजे पॉलिसी. प्रकल्पाने ‘मी अमुक व्हर्जनसाठी लिहिलेला आहे’ असं सांगितलेलं असतं. नवी ओळख त्या व्हर्जननंतर आली असेल, तर जुन्या प्रकल्पाला जुनंच नाव दिसतं. ॲपलक्लँगला अशी पॉलिसी आहे, आणि रशियाच्या एल्ब्रुस प्रोसेसरचा एलसीसी कंपायलर ३.२३ मध्ये ‘जीएनयू’ऐवजी ‘एलसीसी’ म्हणून ओळखला जाऊ लागला तेव्हा त्यालाही ती द्यावी लागली. अर्थात पॉलिसी कायम पोसता येत नाहीत. २०२५ मध्ये आलेल्या सीमेक ४.० ने ३.५ च्या आधीच्या व्हर्जनशी सुसंगतता काढून टाकली आणि कितीतरी जुने प्रकल्प कॉन्फिगरच होईनासे झाले. मला तो निर्णय पटतो, पण ज्यांचं पॅकेजिंग त्यावर अवलंबून होतं त्यांना मनस्ताप झाला, हेही खरं.

फ्लॅगांकडे वळू. सीमेकमध्ये कंपायलरची स्वतःची माहिती एका फोल्डरमध्ये असते आणि ‘ऑपरेटिंग सिस्टिम अधिक कंपायलर’ या जोडीची माहिती वेगळ्या फोल्डरमध्ये. हा भेद पाळा. ऑप्टिमायझेशनचा फ्लॅग कंपायलरचा असतो. शेअर्ड लायब्ररी कशी बनवायची हे जोडीवर ठरतं, लिनक्सवर एक आणि मॅकवर दुसरं. क्लँगवर बेतलेल्या कंपायलरसाठी क्लँगचीच फाइल आत ओढून घेऊन फरक तेवढा लिहिता येतो. असं केलंत तर क्लँगमध्ये उद्या होणारी सुधारणा तुम्हाला आपोआप मिळेल आणि उद्याचा बिघाडही. रात्रीचं मशीन हवं ते यासाठीसुद्धा.

भाषेच्या स्टँडर्डचे फ्लॅग म्हणजे व्हर्जनवार तक्ता. जीसीसी ४.८ ला सी++१४ हवं असेल तर ‘सी++१वाय’ म्हणावं लागायचं, ४.९ पासून खरं नाव चालू लागलं. सी++१७ आधी ‘सी++१झेड’ होतं. शिवाय काहीच न सांगितल्यावर कोणतं स्टँडर्ड लागू होतं, हेही बदलत राहतं: जीसीसी ६ मध्ये डिफॉल्ट सी++९८ वरून सी++१४ वर गेला, ११ मध्ये सी++१७ वर. सी भाषेत जीसीसी १५ ने सी२३ डिफॉल्ट केलं आणि रिकाम्या कंसाचा अर्थच बदलला. आता त्याचा अर्थ ‘एकही आर्ग्युमेंट नाही’ असा होतो. इथे एक निर्णय अनुकरणीय वाटतो. सीमेक ३.१ मध्ये ‘या कंपायलरच्या कोणत्या व्हर्जनला लॅम्डा येतं, कोणत्याला ऑटो येतं’ असे बारीक तक्ते होते. सी++१४ नंतर ते थांबवले आणि ‘सी++१७ येतं का’ एवढंच विचारायला सुरुवात केली. प्रत्येक कंपायलर गुणिले प्रत्येक फीचर असा तक्ता कोणीही अचूक ठेवू शकत नाही. जे सांभाळता येणार नाही ते लिहूच नये. आपल्या बिल्ड स्क्रिप्टमध्येही हा नियम पाळा.

तक्त्याऐवजी कंपायलरलाच विचारायचं ठरवलं, तर प्रश्न नीट विचारावा लागतो. सगळ्यात जास्त फसवणारा प्रश्न म्हणजे ‘अमुक वॉर्निंग बंद करायचा फ्लॅग तुला समजतो का?’ जीसीसीला माहीत नसलेला ‘डब्ल्यू-नो’वाला फ्लॅग दिला तर तो चूपचाप स्वीकारतो, फाइलीत दुसरी काही तक्रार निघाली तरच त्याबद्दल बोलतो. चाचणीची फाइल स्वच्छ असते, म्हणून उत्तर नेहमी ‘हो’ येतं. नंतर खऱ्या कोडमध्ये एखादी वॉर्निंग आली की तिच्यासोबत ‘हा फ्लॅग अनोळखी आहे’ अशी रांग लागते. उपाय सोपा आहे: ‘नो’ काढून सकारात्मक फ्लॅगची चाचणी घ्या आणि उत्तर ‘हो’ आलं तर ‘नो’वाला वापरा. क्लँगकडे अडचण वेगळी आहे. अनोळखी वॉर्निंग-फ्लॅगवर तो फक्त वॉर्निंग देतो आणि यशस्वी म्हणून बाहेर पडतो. तिथे अनोळखी फ्लॅगला एरर मानायला वेगळं सांगावं लागतं. तुमच्या चिपवाल्या कंपायलरला हे दोन्ही प्रयोग करून पाहा. तो कोणाचा वारसा चालवतो ते पाच मिनिटांत कळेल.

आता जी गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते ती. चाचणी चुकून नापास झाली तर बिल्ड मोडत नाही. क्लँग १६ ने २०२३ मध्ये आणि जीसीसी १४ ने २०२४ मध्ये, आधी जाहीर न केलेलं फंक्शन वापरणं डिफॉल्ट एरर केलं. भाषेच्या दृष्टीने हे फार आधी व्हायला हवं होतं. सी९९ ने ते १९९९ मध्येच काढून टाकलं होतं. पण जुन्या कॉन्फिगर स्क्रिप्टमधल्या (बिल्डआधी कोणती फीचर आहेत ते तपासणाऱ्या) हजारो चाचण्या हेडर न घेताच लिहिलेल्या होत्या. मेनच्या आधी इंट नाही, एक्झिटसाठी हेडर नाही. नव्या कंपायलरवर ती चाचणी कंपाइल होत नाही. स्क्रिप्टच्या लेखी ‘कंपाइल झालं नाही’ म्हणजे ‘फीचर नाही’. मग ते फीचर बंद ठेवून बिल्ड व्यवस्थित पूर्ण होतो, टेस्टही बहुधा पास होतात, आणि ग्राहकाकडे पोहोचलेल्या बायनरीत एखादी सुरक्षेची किंवा वेगाची सोय नसते. म्हणून कंपायलरची व्हर्जन बदलताना मी नेहमी एक काम आधी करतो: जुन्या आणि नव्या कंपायलरने तयार झालेली कॉन्फिग हेडर फाइल शेजारी ठेवून डिफ काढतो. जी ओळ बदलली तिचं कारण सापडेपर्यंत पुढे जात नाही. कॉन्फिगरचा लॉग त्यासाठीच जपून ठेवायचा. चाचणी का नापास झाली हे तिथे शब्दशः लिहिलेलं असतं.

व्हर्जन नंबरची तुलना हा दुसरा सापळा, आणि तो दर काही वर्षांनी नव्याने बसतो. लिबटूलमध्ये (लायब्ररी बनवण्याच्या जुन्या साधनात) फ्रीबीएसडी १.x ही ऑपरेटिंग सिस्टिम ओळखायला ‘फ्रीबीएसडी१ आणि पुढे काहीही’ असा पॅटर्न होता. २०१४ मध्ये फ्रीबीएसडी १० आलं, ते त्यात बसलं, आणि शेअर्ड लायब्ररी बनणं थांबलं. मॅकसाठी (त्याच्या गाभ्याचं नाव डार्विन) ‘डार्विननंतर ९ किंवा १’ असा पॅटर्न होता, म्हणजे डार्विन ९ पासून १९ पर्यंत सगळं झाकलं जात होतं. २०२० च्या मॅकओएस बिग सरबरोबर डार्विन २० आलं, पॅटर्नमधून निसटलं आणि लायब्ररी जुन्या फ्लॅट नेमस्पेस पद्धतीने लिंक होऊ लागल्या. दुरुस्ती एका अंकाची होती. पण ऑटोटूल्समध्ये (लिबटूल ज्यातलं आहे त्या साधनसंचात) स्क्रिप्टची प्रत प्रत्येक प्रकल्पाच्या टारबॉलमध्ये गोठलेली असते, त्यामुळे होमब्रू या मॅकच्या पॅकेज मॅनेजरला तोच पॅच पॅकेजमागून पॅकेजला लावत बसावं लागलं. मायक्रोसॉफ्टकडेही असंच झालं: व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ चा टूलसेट ‘१४३’ म्हणजे १४.३ ने सुरू होणारा कंपायलर, असं सगळ्यांनी धरलं होतं; २०२४ मध्ये १७.१० अपडेटबरोबर तो १४.४० झाला, टूलसेटचं नाव मात्र १४३ च राहिलं. पहिले तीन अंक कापून टूलसेट ठरवणाऱ्या स्क्रिप्ट तिथे थांबल्या. म्हणून नंबर स्ट्रिंगसारखा जुळवू नका, व्हर्जन म्हणून लहान-मोठा पाहा; आणि माहितीपेक्षा नवा कंपायलर दिसला तर त्याला माहितीतल्या सर्वांत नव्यासारखं वागवा, जुन्यासारखं नाही.

तुम्ही विंडोजवरही बिल्ड करता, म्हणून एक बारीक गोष्ट. कोणती फाइल कोणत्या हेडरवर अवलंबून आहे, हे जीसीसी-क्लँग वेगळ्या फाइलीत लिहून देतात. एमएसव्हीसीचा जुना मार्ग म्हणजे प्रत्येक हेडरचं नाव स्क्रीनवर छापणं, आणि त्याआधीचा ‘नोट, फाइल घेतली’ हा मजकूर कंपायलरच्या भाषेत असतो: इंग्रजीत वेगळा, जर्मनमध्ये वेगळा, जपानीत वेगळा. निंजाला (सीमेक ज्याच्याकडे बिल्ड सोपवतं त्या प्रोग्रॅमला) तो मजकूर अक्षरशः जुळवावा लागतो, म्हणून सीमेक आधी एक नमुना फाइल कंपाइल करून तो शिकून घेतं. कोड पेजचा घोळ झाला तर जुळणी फसते, आणि हेडर बदललं तरी फाइल पुन्हा कंपाइल होत नाही. ‘क्लीन बिल्ड केला की ठीक होतं’ अशी तक्रार आली की मी आधी इथेच पाहतो. व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ च्या १६.७ पासून हीच माहिती जेसनमध्ये मिळते; तुमच्या कंपायलरचा विंडोज अवतार असेल तर तो यातलं काय देतो ते कंपनीला विचारून ठेवा. सी++२० मॉड्यूल्स हवे असतील तर याच्या पुढचं पाऊल लागतं, कंपाइल करण्याआधी सोर्स स्कॅन करून अवलंबित्व सांगणारं साधन, सीमेक ३.२८ ने ते जीसीसी १४, क्लँग १६ आणि एमएसव्हीसी १४.३४ पासून धरलं आहे. क्लँगचा फाटा काढणाऱ्या कंपन्या हे स्कॅनिंगचं साधन पॅकेजमध्ये घालायला विसरतात.

फोरट्रान मिसळणार असाल तर कंपायलर तपशीलवार आउटपुटमध्ये लिंकरला दिलेली पूर्ण कमांड छापतो का, तेही तपासा. सीमेक ती वाचूनच कोणत्या लायब्ररी आपोआप जोडल्या जातात हे ठरवतं. जीसीसी हा वरचा ड्रायव्हर, आत खरा कंपायलर, असेंब्लर, लिंकर अशी ही रचना मुळातून समजून घ्यायची असेल, तर आयआयटी मुंबईच्या जीसीसी रिसोर्स सेंटरचं कार्यशाळेचं साहित्य आवर्जून वाचा.

तुमच्या बाबतीत मी या क्रमाने जाईन. आधी टूलचेन फाइल लिहून तुमची लायब्ररी पूर्ण बिल्ड करा आणि क्लँगपेक्षा वेगळं काय करावं लागलं त्याची नोंद ठेवा. त्या नोंदीत फक्त टार्गेटशी संबंधित गोष्टी असतील तर काम संपलं. डिफॉल्ट वागणूक किंवा व्हर्जनचा नंबर वेगळा निघाला तर मूळ प्रकल्पाकडे जा. पण त्याआधी कंपनीकडून दोन गोष्टी लेखी घ्या. ओळख-मॅक्रो कायम राहील हे एक. दुसरं, रात्रीच्या मशीनसाठी लायसन्स, तेही कोणा एका इंजिनिअरच्या नावावर नाही आणि दरवर्षी संपणारं नाही. पुष्कळ व्यावसायिक कंपायलरची टेस्ट मशीन बंद पडतात ती बिघाडाने नाही, लायसन्सची मुदत संपून. आणि तोवर ते घेणारा माणूस दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.